कुरुंद्याच्या सातवीत कुणालाच शंका नव्हती

कुरुंद्याला मी काही देखावे पाहायला गेले नव्हते. नमनाला घडाभर तेल नको, म्हणून कारण आधीच सांगून टाकते. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मी शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना विज्ञान कसं शिकवावं ते शिकवते. आमचे बी.एड.चे विद्यार्थी वर्षातले काही आठवडे खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवतात. कागदोपत्री याला शाळा आणि विद्यापीठ यांची भागीदारी म्हणतात. प्रत्यक्षात शाळा वर्ग देते, मुलं देते, खडूही तीच देते, आणि आम्ही शेवटच्या आठवड्यात जाऊन मागच्या बाकावर बसतो नि गुण देऊन परत येतो.

यंदा ऐन हळदीच्या दिवसांत तिथल्या मुख्याध्यापिका वंदना खिल्लारे यांचा विभागात फोन आला. पुढच्या वर्षीपासून तुमचे विद्यार्थी पाठवू नका. कारण विचारलं तर म्हणाल्या, येऊन बघा. त्या बाजूला आम्हाला जागा देणारी ही एकच शाळा. आसपासच्या खेड्यांतल्या काही मुलींना घरून ये-जा करता येते, म्हणूनच घरचे बी.एड. करू देतात. शाळेनं दार लावलं तर या मुलींचं शिक्षण तिथंच थांबणार. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही गोड बोलता, तुम्हीच जा." मी गोड बोलते हे मला घरात कुणी कधी सांगितलेलं नाही.

गुरुवार, वसमतहून पुढे

वसमतपर्यंत एस.टी. आणि पुढे जीप. जीप भरली की निघते, आणि भरली म्हणजे काय हे चालक ठरवतो. मला ती भरल्यासारखी वाटली त्यानंतर बऱ्याच वेळाने ती भरली. चालकाने विचारलं, "कोनाकडं जायचं बाई?"

"शाळेत."

"म्हंजी खिल्लारे बाईकडं. मंग घाई करू नका. बाई वर्गावर गेल्या की मंत्री आला तरी भाईर येत न्हाईत."

मी मूळची सांगलीची. हळद म्हणजे सांगली हे आमचं बाळकडू. लहानपणी जमिनीखालची हळदीची पेवं पाहिलेली, त्यामुळे या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं वाटत नसे. वसमत मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना खणलेली वावरं दिसू लागली. जागोजागी शिजणाऱ्या हळदीची वाफ वर चढत होती, आणि ओल्या मातीत मिसळलेला तो कडवट, ऊबदार वास जीपमध्ये शिरला. सांगलीत मी हळद पोत्यात पाहिली होती. इथे ती माणसांच्या नखांत होती, पोरांच्या कपड्यांवर होती, बैलांच्या शिंगांनाही कुणीतरी हौसेने चोपडली होती. शेजारच्या म्हाताऱ्यांना मी सांगलीची असल्याचं जरा तोऱ्यातच सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, तिकडं इकती. पिकती इकडं." त्यानंतर मी कुरुंदा येईपर्यंत गप्प बसले.

स्टँडवर सोपान उभा होता. आमचा विद्यार्थी, इतिहासाचा, राहणारा कुरुंद्याचाच. शाळा सुटायला वेळ होता, म्हणून तो मला थेट त्यांच्या वावरात घेऊन गेला. तिथे मोठ्या लोखंडी कुकरमध्ये हळद शिजत होती. सोपानची आई एकेक हळकुंड उचलून त्यात काडी टोचून बघत होती. आरपार गेली की शिजलं. मला त्यांनी बसायला सांगितलं, आणि मी त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारी ताडपत्री निवडून तिच्यावर बसले. उठले तेव्हा माझ्या फिक्या सुती साडीचा मागचा भाग पिवळाधमक झाला होता.

"सोपाना, बाईला हळद लागली रे," माउली हसून म्हणाल्या. "आता जेवल्याबिगर सोडायचं न्हाई."

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ओल्या हळदीचं लोणचं. आमच्याकडे आमटी म्हटली की कांदा-लसूण मसाला. इथे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं येसर असतं आणि त्याने आमटीला दाटपणा येतो. मी दोनदा मागून घेतली. लोणच्याने बोटं पिवळी झाली ती पुढे आठवडाभर तशीच राहिली.

मुक्काम खिल्लारे बाईंकडे होता. त्यांचे यजमान हिंगोलीला नोकरीला आहेत, संध्याकाळी येतात. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बाई माझ्याशी निवांत बोलत बसल्या. पाऊस, लेकीचं नर्सिंगचं शिक्षण, सांगलीची भडंग, सगळं झालं. मी दोनदा विषय शाळेकडे वळवला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "शाळेचं शाळेत."

शुक्रवार, जास्वंदीचा पाठ

सकाळी सातवीच्या वर्गात आमच्या बी.एड.च्या रोहिणीचा अंतिम पाठ होता. रोहिणी जवळच्याच एका वाडीहून रोज जीपने येते. बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. विषय, फुलाचे भाग. प्रत्येक बाकावर एक जास्वंद. मी मागे बसले.

पाठ असा झाला की काय सांगावं. प्रश्न संपायच्या आत हात वर. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, सगळं मुलांच्या जिभेवर. मी कौतुकाने लिहीत होते. एवढ्यात शेजारच्या बाकावर नजर गेली. तिथल्या आरती नावाच्या मुलीने तिचं फूल उभं कापून कंपासपेटीत आधीच तयार ठेवलं होतं. शेजारणीने पेटीला हात घातला तर आरती कुजबुजली, "आत्ता न्हाई. मॅडम म्हनल्यावर."

शेवटी रोहिणीने विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

"व्हय मॅडम."

"कुणाला काही शंका?"

"न्हाई मॅडम."

नंतर कचेरीत बाईंनी चहा पुढे केला. "कसा वाटला पाठ?"

"फार छान. मुलं तर अगदी तयार आहेत."

"असनारच. या वर्गानं ते फूल किती बारी कापलं ते आता त्यांनाबी आठवत न्हाई. तुमच्या विभागात नमुन्याचा पाठ म्हणून कोनता दाखवता?"

मी चहाकडे बघत म्हणाले, "जास्वंद."

"बराबर. म्हणून जो येतो तो जास्वंद घेऊन येतो. कुंपनाच्या झाडाला आता कळी टिकत न्हाई." त्यांना हसू आलं, मलाही आलं. मग त्या गंभीर झाल्या. "पन माझी तक्रार फुलाची न्हाई." त्यांनी आरतीला बोलावून घेतलं. "फूल आधीच काहून कापलं गं?"

"मॅडमची परीक्षा असती न बाई. येळ वाचतो."

"आन शंका काहून विचारत न्हाई?"

आरतीने माझ्याकडे चोरून पाहिलं. "विचारली की मॅडम घाबरत्यात. मागं मोठ्या मॅडम बसलेल्या असत्यात. आमच्यापाई त्यांचे मार्क जातील."

ती गेल्यावर बाईंनी कचेरीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "पाहुन्याला अडचनीत आनायचं न्हाई, ही आमच्या गावाची रीत. लेकरं तीच पाळून राहिली. पन आता ती सवय अंगात भिनली मॅडम. मी गनित शिकवते, तरी व्हय बाई, समजलं बाई. पेपरात कोरं. लेकरू कुठं अडलं तेच मला कळत न्हाई, तर शिकवू काय? तुमच्या भागीदारीनं आमाला हे दिलं."

आता गोड बोलण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "मग मी काय करू?"

"तुमी सोता शिकवा. विज्ञानाचा गतीचा धडा राहिला हाय. माझ्या सातवीतलं एक लेकरू तुमच्या तोंडावर 'मला समजलं न्हाई' असं म्हनलं, की पाठवा पुढच्या वर्षी तुमची पोरं. न्हाई म्हनलं तर मंग चहा घ्या आन सुखानं जावा."

शिकवायचं कसं हे मी रोज सांगते, पण शाळेतल्या मुलांसमोर खडू घेऊन उभी राहून बरीच वर्षं झाली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते आमच्यासाठीच असावं.

बाहेर व्हरांड्यात रोहिणी थांबली होती. तिला वाटलं पाठ बिघडला. मी म्हटलं, तुझा पाठ चांगला झाला. तिचा चेहरा तरी उजळला नाही. "मॅडम, पुढच्या वर्षी धाकटी बहीण बी.एड.ला येऊन राहिली. ही शाळा हाय म्हणून बाबा हो म्हणले. शाळा राहील ना?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. प्रयत्न करते, एवढंच म्हटलं.

शनिवार, सकाळची शाळा

विषय होता अंतर आणि विस्थापन. माणूस किती चालला ते अंतर, आणि निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किती लांब पोचला ते विस्थापन. मी मुलांना मैदानात नेलं, दोरी घेतली, वळणावळणाने चालायला लावलं. मग निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंत सरळ दोरी धरून मोजायला लावलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. मुलं इतकी गोड होती की माझी दोरी अडकली तर न सांगता चौघं सोडवायला धावली.

"समजलं?"

"व्हय मॅडम."

"हे बघा, नसेल समजलं तर मला सांगा. मला आवडेल."

सगळ्यांनी आज्ञाधारकपणे माना हलवल्या. समजलं नाही असं मात्र कुणीच म्हणालं नाही. मग वर्गात परत येऊन मी प्रत्येकाला आपल्या मनाने एक उदाहरण द्यायला सांगितलं. कुणी वावरात जाऊन आलं, कुणी दळण घेऊन आलं. आरती उभी राहिली.

"मॅडम, तुमी विद्यापीठातून आल्या. उद्या परत तितंच जानार. अंतर लई झालं, पन विस्थापन शून्य."

वर्ग हसला. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मी शाबास म्हटलं आणि फळ्यावर लिहूनही घेतलं, पण ते मला चांगलंच लागलं. व्हरांड्यात बाई उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. एकानेही 'नाही समजलं' म्हटलं नव्हतं, आणि माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं.

रविवार, हिंगोली

सोपानला हिंगोलीत काम होतं, त्याच्यासोबत निघाले. रेल्वेगाडी दुपारनंतरची, म्हणून त्याने मला मोंढा, म्हणजे तिथला शेतमालाचा बाजार, दाखवला. रविवारचा लिलाव नव्हता, तरी थप्प्यांवर थप्प्या रचलेल्या पोत्यांतून हळदीचा कोरडा वास येतच होता. गुरुवारी शेतात पाहिलेली ओली हळकुंडं वाळून, घासून पुढे अशी होतात म्हणे. एका हमालाने हिंदीत सांगितलं की इथे महिनाभर काम केलं की माणसाला घरचं दूधसुद्धा पिवळं दिसतं. आम्ही गरम भजी खाल्ली, आणि मी उगाच सांगलीच्या भज्यांची बढाई मारली. इथली जास्त कुरकुरीत होती.

स्टेशनवरच्या बाकावर बसल्यावर सोपानने विचारलं, "बाई काय म्हनल्या मॅडम?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका तासात कोन आपलं अडलेलं सांगतं? आमी इतके आठवडे हाओत, पन लेकरांना ठाव हाय, हे पाठ घेनार आन जानार. तुमी बी कालच्याला शिकवलं आन आज निघाल्या. धड्यातलं चाल आन वेग राहिलंच की."

तो चिडून बोलला नव्हता. मास्तर म्हणून बोलला होता, आणि आमच्या विभागात त्याला हे कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. गाडी आली. थांबली. माझा डबा समोरच होता. मी बाकावरून उठले, पिशवी उचलली आणि सोपानला म्हटलं, "कुरुंद्याची जीप कुठून सुटते?"

विभागप्रमुखांना फोन केला. "गोड बोलून झालं," मी म्हटलं. "आता शिकवायला राहते आहे." त्यांनी तब्येत बरी आहे का ते विचारलं.

बाईंनी दार उघडलं तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. मला पाहून त्यांना नवल वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. "गाडी चुकली व्हय?"

"नाही. धडा अर्धा राहिला."

त्यांनी आत जाऊन तव्यावर आणखी एक भाकरी टाकली. जेवताना मात्र पहिल्यांदाच शाळेचा विषय त्यांनी स्वतः काढला. कोणत्या मुलाचं काय अडत असावं याचा अंदाज सांगत होत्या, मी ऐकत होते. आरतीची त्यांना सर्वात जास्त काळजी होती. "ती सगळ्यांत पटकन उत्तर देती," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."

सोमवार, सातवीचा वर्ग

मुक्काम वाढला आणि साड्या संपल्या. सोमवारी मला तीच गुरुवारची साडी नेसावी लागली, मागे हळदीचा भला मोठा डाग असलेली. फळ्याकडे वळले आणि वर्गात खसखस पिकली. मी वळून म्हटलं, "सोपान सरांच्या वावरात बसले होते." मग तर सगळे मोकळेपणाने हसले.

आमच्या विद्यार्थ्यांचे पाठ संपले होते. मी त्यांना मागे बसू दिलं नाही, मुलांमध्ये बसवलं. सोपान मधल्या रांगेत गुडघे मुडपून बसला. रोहिणी आरतीशेजारी बसली. मागचा बाक रिकामा होता.

मी चाल आणि वेग शिकवला. एकूण अंतराला वेळेने भागलं की चाल. विस्थापनाला वेळेने भागलं की वेग. शाळेपासून स्टँडपर्यंत चालत जाऊन परत आलेल्या माणसाचं उदाहरण घेतलं. त्याचं अंतर, त्याचा वेळ, त्याची चाल. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. फळा भरला.

"समजलं?"

"व्हय मॅडम."

तोच सूर. बाई केव्हा दाराशी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही, पण त्यांना पाहिलं आणि वाटलं, संपलं. रोहिणीने मान खाली घातली होती.

एवढ्यात मधल्या रांगेतून हात वर झाला. सोपानचा. तो उभा राहिला. "मॅडम, मला नाही समजलं."

पूर्ण वर्ग त्याच्याकडे वळला. विद्यापीठातल्या बाईंसमोर, आपल्या मुख्याध्यापिकेसमोर एक सर हे म्हणत होते. तो लाल झाला होता, पण बसला नाही. "मी इतिहासाचा. सातवीत असताना हे पाठ केलं होतं, मार्कही पडले. समजलं तेव्हाही नव्हतं. चाल आणि वेग दोन्ही जोराचंच सांगतात, मग दोन नावं काहून?"

"चांगलं विचारलंस," मी म्हटलं, आणि तसं मला मनापासून वाटलं. "चाल फक्त किती जोरात ते सांगते. वेग कोणत्या दिशेला तेही सांगतो. आणखी कुणाला?"

कुणी हललं नाही. मुलं सोपानकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग दाराकडे. मी वाट पाहिली. एरवी वर्गातली शांतता आम्ही पाठाची उणीव म्हणून नोंदवतो. आरतीचा हात बाकावर होता. तो अर्धा उचलला गेला, परत खाली गेला. तिने रोहिणीकडे पाहिलं. रोहिणी तिच्या कानाशी काहीतरी बोलली. काय ते मी नंतरही विचारलं नाही.

आरती उभी राहिली. "मॅडम, तो मानूस इतून स्टँडला गेला, परत आला. उन्हात चालून राहिला, पाय दुखून राहिले. आन तुमी म्हनता त्याचा वेग शून्य. मंग तो चाललाच न्हाई व्हय?" ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "हे मला न्हाई समजलं. शनवारचं बी न्हाई समजलं. ते म्या नुसतं सांगितलं हुतं."

रोहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कुणाच्या न समजण्याचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. मागच्या एका मुलाने हात वर केला, "मलाबी न्हाई," आणि मग आणखी हात वर झाले.

बाई दारातून आत आल्या. आरतीला थोडं सरकायला सांगून त्या तिच्या बाकावर टेकल्या. "पाठवा पोरं पुढच्या वर्षी," त्या मला म्हणाल्या. "पन आधी हिला समजावा."

मी फळ्यावरचं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.